हजर एक्केचाळीस

शुक्रवारी संध्याकाळी दिपमाला ऑफिसातून आली ती चपला न काढताच थेट गॅसपाशी आली आणि कोकिळाबाईंच्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणाली, "आजी, ओळख बरं, हे कोणाचं अक्षर?" कोकिळाबाई धुळ्याहून आणलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, भाजत होत्या. एका हातात चिमटा, चष्मा कपाळावर. चष्मा खाली ओढून त्यांनी पाहिलं. पिवळट पडलेल्या कागदाची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सचा फोटो. काळ्या ठिपक्यांच्या गर्दीत नावांची लांब रांग, तळाशी गोल शिक्का. आपलं अक्षर माणसाला पटकन ओळखू येत नाही. शिंप्याकडच्या दोन आरशांत अचानक आपली पाठ दिसावी आणि क्षणभर ही कोण बाई असं वाटावं, तसं त्यांना झालं. मग शिक्क्याखालची सही दिसली. सौ. कोकिळा अमृत पाटील, सरपंच. त्या सहीकडे त्या बघत राहिल्या. बिबडी करपली. दिपमाला मात्र हसत होती. खासदारांच्या बंगल्यात, दिल्लीत, माझ्या आजीचं नाव, असं ती दोन-तीनदा म्हणाली.

दिपमाला कोकिळाबाईंची नात, योगेंद्रची धाकटी. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला जाण्याआधी तिला उन्हाळ्यात दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती, आपल्याकडच्याच एका खासदारांच्या दिल्लीच्या ऑफिसात. योगेंद्रने एकटीला पाठवणार नाही म्हणून साफ सांगितलं, तेव्हा कोकिळाबाईच म्हणाल्या होत्या, मी जाते सोबत. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी बॅग भरली. पटेलनगरात गच्चीवरची एक खोली घेतली. खालच्या मजल्यावरची बाई रोज विचारायची, गर्मी सहन होते का. धुळ्याचा मे महिना जिने अडुसष्ट वेळा काढला तिला हे कसलं विचारता, असं कोकिळाबाईंच्या ओठांवर यायचं, पण त्या नुसत्या हसायच्या. सोमवार ते शुक्रवार पोरगी गळ्यात ओळखपत्र अडकवून मेट्रोने जायची. शनिवार-रविवार दोघींचे. कुतुबमिनार झाला, लाल किल्ला झाला, राजघाट झाला, रेल्वेच्या जुन्या इंजिनांचं संग्रहालय झालं. "पाच दिवस मी देश चालवते आणि दोन दिवस तुला चालवते," असं दिपमाला म्हणायची, आणि ते दुसरं खरंच होतं, कारण कोकिळाबाईंचे गुडघे आता सांगितल्याशिवाय चालत नसत.

पहिलं मात्र तितकंसं खरं नव्हतं. तिचं काम अर्ज वाचायचं. शिरपूर, पारोळा, नरडाणा, कुठून कुठून कागद यायचे. कोणाला मोठ्या दवाखान्यात तारीख हवी, कोणाला गाडीला थांबा हवा. प्रत्येक अर्जाचं दहा ओळींचं टिपण करायचं आणि तळाशी आपलं मत लिहायचं. अखिलभाऊ म्हणून साहेबांचे सचिव होते, जळगावच्या व्यापाऱ्यांच्या घरातले. त्यांनी पहिल्याच दिवशी तीन ढिगांची रीत शिकवली होती. पुढे पाठवा, उत्तर द्या, आणि दप्तरी दाखल. दप्तरी दाखल म्हणजे कागद फायलीत जातो आणि तिथेच राहतो. पहिल्या आठवड्यात तिला तसं लिहिताना वाईट वाटायचं. सहाव्या आठवड्यात ती ते जेवताना सांगायची.

आजचा अर्ज कोकिळाबाईंच्या सासरगावच्या, वडखेड्याच्या भिकुबाईचा होता, सोबत आणखी सतरा बायकांचे अंगठे. गावाच्या पश्चिमेचं बारा एकर गायरान अठ्ठ्याण्णव साली कापसाच्या जिनिंगसाठी देऊन टाकलं. जिनिंग सहा वर्षं चालली, मग बंद. पत्रे गंजले, पण तारेचं कुंपण पक्कं आहे, आमच्या शेळ्यांना पाय ठेवायला जागा नाही. त्या वेळी ग्रामसभा झालीच नव्हती. जागा गावाला परत मिळावी. अर्जाला वरच्या कार्यालयाचं जुनं उत्तर जोडलेलं होतं आणि उत्तराला ठरावाची प्रत. सव्वीस जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, महिला हजर एक्केचाळीस, ठराव एकमताने मंजूर. "आमचे सर शिकवतात की त्या काळातल्या बायका नावाच्याच सरपंच होत्या," दिपमाला बिबडी मोडत म्हणाली, "आणि इथे माझी आजी एक्केचाळीस बायका सभेला आणून बसवते. मी सगळ्यांना दाखवलं. अखिलभाऊ म्हणाले, बाईंना चहाला घेऊन या एकदा." आणि अर्जाचं काय, असं कोकिळाबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, काय होणार, ठराव पक्का आहे. सभा झाली नाही म्हणते, पण तसा पुरावा कुठे आहे? सोमवारी टिपण द्यायचं. दप्तरी दाखल.

कोकिळाबाई नुसतं हं म्हणाल्या. करपलेली बिबडी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. सोमवारपर्यंत गप्प राहिलं की भिकुबाईचा कागद फायलीत जाऊन पडणार होता, आणि बोललं की या पोरीच्या डोळ्यांत आत्ता जी बाई उभी होती ती जाणार होती. ती बाई खोटी होती हे ठाऊक असूनही कोकिळाबाईंना ती फार आवडली. एवढ्या वर्षांत कोणी त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

शनिवारी त्या हुमायूनची कबर पाहायला गेल्या. सकाळची वेळ, लाल दगड अजून तापायचे होते. दिपमाला पुढे जाऊन फोटो काढत होती आणि कोकिळाबाई पायऱ्यांच्या सावलीत बसल्या होत्या. बाजूला एक गाइड कुठल्याशा कुटुंबाला हिंदीत सांगत होता की बादशहा गेल्यावर हे सगळं त्याच्या बेगमने बांधवून घेतलं. त्यांनी मान वर करून घुमटाकडे पाहिलं. म्हणजे एक विधवा बाई रोज इथे येऊन गवंड्यांना, हा दगड इथे नको तिथे लाव, असं सांगत असेल. लोक ऐकत असतील. या विचाराने त्यांना का कोण जाणे पण धुळ्यातलं, देवपुरातलं आपलं दार आठवलं. हे गेल्यानंतरची पहिली संक्रांत. शेजारची सून नवी साडी नेसून हळदीकुंकवाचं बोलावणं करत होती. तिच्या पैंजणांचा आवाज जिना चढून आला, डावीकडच्या दाराशी थांबला, बोलला, हसला, मग आपल्या दारापुढे आला, अगदी एक श्वास थांबला, आणि उजवीकडच्या दाराकडे गेला. कोकिळाबाई आत पातेलं हातात धरून उभ्या होत्या. त्यांना त्या पोरीचा राग आला नव्हता. तो थांबलेला श्वास त्यांच्या ओळखीचा होता. वडखेड्यात बावीस वर्षं त्याच बोलावणं करत होत्या, आणि कोणत्या दारापुढे पावलं न वाजवता जायचं हे त्यांच्या टाचांना पाठ होतं.

त्यांनी दिपमालाला हाक मारून मोबाइल मागितला. फोटो मोठा कसा करायचा ते तिने दाखवलं, आजीला आपली कामगिरी पुन्हा पाहायची आहे अशा समजुतीने त्यांच्या गालावर बोट टेकवून ती पुन्हा गेली. कोकिळाबाईंनी नावं वाचायला सुरुवात केली. पहिलं राजकुंवर. गल्लीच्या तोंडाशी मारवाड्यांचं दुकान, त्यामागे तिचं घर, दारात कायम तेलाचे डबे. मग तानुबाई. मग सुलक्षणा. नावं नव्हतीच ती, दारं होती. त्या बोटाने वर सरकवत होत्या आणि गल्ली चालत होत्या. तानुबाईच्या अंगणातल्या कडुलिंबाची सावली लागत होती, सुलक्षणाच्या सासूच्या खोकल्याचा आवाज येत होता. आणि तानुबाई आणि सुलक्षणा यांच्या मध्ये एक दार होतं, निळं, खालून उंदरांनी कुरतडलेलं, ते यादीत नव्हतं. ते भिकुबाईचं. तिचा नवरा विहिरीच्या कामावर दगावला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. कोकिळाबाई पुढे गेल्या. पुढच्या गल्लीत दोन दारं नव्हती. पारापाशी एक नव्हतं. वाण्याच्या बोळात ओळीने तीन. उन्हाचा पट्टा सरकत त्यांच्या पायांवर आला तरी त्यांना कळलं नाही.

आता ती दुपार त्यांना लख्ख दिसली. सत्तावीस जानेवारी. आदल्या दिवशी शाळेत झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, आणि सभेचं सगळे विसरून घरी गेले. यांनी रजिस्टर आणून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. उद्या तालुक्याला द्यायचं होतं, बायकांची नावं हवी होती, आणि ती यांना येत नव्हती. झुलालनी बायको, वाण्यानी धाकली सून, एवढंच मला ठाऊक, असं ते हसत म्हणाले होते, रजिस्टरमा असं चालत नही. तूच लिही. माणूस वाईट नव्हता. पारोळ्याचे रतनलालशेठ जिनिंग काढणार, गावातल्या पोरांना सुरतेला जावं लागणार नाही, हे ते मनापासून सांगत. कोकिळाबाईंच्या बाळंतपणात त्यांनी दोन महिने विहिरीवरून पाणी भरलं होतं, लोक हसले तरी. त्यांनी मागितलं ते एवढंसं होतं. धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बायकोचं छापल्यासारखं अक्षर. संक्रांत होऊन पंधरवडा झाला नव्हता, बोलावण्याची रांग जिभेवर होती, हात सरसर चालला. चुलीवर डाळ होती. ती उतू जाण्याआधी यादी झाली. नावांपुढचे अंगठे कोणाचे, ते त्यांनी विचारलं नाही. आणि गेली सत्तावीस वर्षं, कोणी विचारलंच तर, माझ्या हातून यांनी लिहून घेतलं असं सांगायचं त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं. पण ही रांग यांना कुठून ठाऊक असणार? कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं हे यांनी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनीच केलं होतं, न सांगता, इतक्या सहज की सत्तावीस वर्षं लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी उरलेलं दिल्ली दर्शन त्यांनी कसं केलं ते त्यांना नीट आठवलं नाही. एका दुकानात दिपमालाने योगेंद्रसाठी कुर्ता घेतला, त्यांना रंग विचारला, त्या हो म्हणाल्या. मेट्रोत एका मुलीने उठून जागा दिली तेव्हा त्यांना वाटलं, हिला माहीत नाही मी कोण. रात्री पोरगी झोपेत कूस बदलताना त्यांच्या दंडाला धरून झोपली, लहानपणी झोपायची तशी. अठ्ठावीस जूनला इंटर्नशिप संपणार होती. फक्त दोन आठवडे. मग धुळे, आपली खोली, आपला पंखा. तिकडे कोणी यादी वाचत नाही.

रविवारी पाचच्या सुमारास त्या इंडिया गेटजवळच्या हिरवळीवर जांभळाच्या झाडाखाली बसल्या. खाली पडलेल्या जांभळांनी फरसबंदी रंगली होती, लोक पाय उचलून चालत होते. दिपमालाने कागदाच्या पुडीत मीठ लावलेली जांभळं आणली आणि उद्याच्या टिपणाचं बोलायला लागली. तिला त्यात एक ओळ घालायची होती, की तत्कालीन सरपंच महिला असून महिलांचा सहभाग उल्लेखनीय होता. नाव नाही घालणार, नुसतं तेवढंच, असं ती म्हणाली आणि लाजली. त्या लाजण्याने कोकिळाबाईंचं गप्प राहायचं जे काही बळ उरलं होतं ते संपलं.

"दिपू, ती सभा झाली नव्हती."

दिपमालाला आधी कोणती सभा तेच कळेना. कोकिळाबाईंनी सांगितलं, यादी मी घरात बसून लिहिली. चुलीपाशी. त्यांना वाटलं होतं की पोरगी दचकेल, पण तिने बी थुंकली, हात पुसले, आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "आजी, तू आता म्हणतेस. भिकुबाईही तेच म्हणते. कागदावर एक्केचाळीस आहेत."

"काढ तो कागद. त्यात कोण नाही ते बघ."

तिने काढला. वर-खाली पाहिलं. तिला त्या गावात कोणी माहीतच नव्हतं. चार-पाच लग्नांना गेली असेल तेवढीच. कोकिळाबाई म्हणाल्या, "एकही विधवा नाही. दीडशे घरांच्या गावात एक्केचाळीस बायका सभेला येतात आणि त्यात कपाळ पुसलेली एक नाही. असं होईल का? सभेला येणार त्याच गं. त्यांना घरात थांबवणारं कोणी नव्हतं, आणि गायरानात शेळ्याही त्यांच्याच होत्या. मी सभेची नावं लिहिलीच नाहीत. मी हळदीकुंकवाचं बोलावणं लिहिलं."

समोरून एक फुगेवाला गेला. दिपमाला फोटोकडे बघत होती, बोटाने एकेक नाव सरकवत, आणि तिचे ओठ हलत होते. जणू प्रत्येकीला नवरा आहे का ते ती विचारत होती. मग ती हळूच म्हणाली, "मी सगळ्या ऑफिसला सांगितलंय गं." एवढंच. ती उठली आणि दूर, नळाकडे, हात धुवायला गेली. कोकिळाबाईंना तिची पाठ दिसत होती. बारीक, खांदे थोडे वर ओढलेले, योगेंद्र रुसला की उभा राहायचा तशी. ती बराच वेळ हात धूत राहिली. जांभळाचा डाग असा निघत नाही, हे तिला सांगावंसं कोकिळाबाईंना वाटलं. आजोबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, हे वाक्य अजूनही जिभेवर होतं. पोरगी वळली की तेवढं म्हणायचं, म्हणजे तिला जरा बरं वाटेल. ती वळली. कोकिळाबाई म्हणाल्या नाहीत.

दिपमाला आली, बॅगेतून वही काढली, मांडीवर ठेवली. डोळे लाल होते पण आवाज कोरडा होता. टिपण बदलावं लागेल, ती म्हणाली. पुढे पाठवा असं लिहीन. पण सही करणारी माझी आजी आहे हे अखिलभाऊंना आधी सांगावं लागेल, कदाचित हा कागद माझ्याकडून काढून घेतील. कदाचित काहीच होणार नाही.

"आणि मला विचारलं त्यांनी तर?"

"मग तू येशील. चहाला बोलावलंच आहे त्यांनी," दिपमाला म्हणाली, हसली मात्र नाही. "आता नावं सांग. त्या वर्षी गावात विधवा कोण कोण होत्या. सगळ्या."

कोकिळाबाईंनी डोळे मिटले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्या डावी-उजवीकडची हसती दारं सोडून चालल्या. पहिलं निळं दार, भिकुबाई. पुढे यशोदाबाई, गोधड्या शिवायची, सुई कायम पदराला टोचलेली. पुढच्या गल्लीतल्या दोघी सख्ख्या जावा, एकाच वर्षी दोन्ही भाऊ गेले. ज्या दारांपुढून पाय न वाजवता जायचं ती त्यांना एकेक करून उघडताना दिसत होती. आत अंधार होता, राख होती, शेळीच्या पिलाचा वास होता, आणि कोणीतरी, कोण शे ते, असं विचारत होतं. नावं येत होती. दिपमाला लिहीत होती, अकरा, बारा. शेवटी पारापाशी येऊन त्या अडल्या. तिथे एक उंच, काळी, फार बोलणारी बाई राहायची. गावकीच्या पंचांना तोंडावर सुनवायची. सभा झाली असती तर ती पहिली येऊन बसली असती. तिला सगळे उखर्डूनी माय म्हणायचे. कोकिळाबाईही तसंच म्हणायच्या. नाव आठवेना. मग लक्षात आलं की आठवण्याचा प्रश्नच नाही, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"उखर्डूची आई असं लिहिता येत नाही," दिपमाला म्हणाली. तिने मोबाइलमधला अर्जाचा फोटो उघडला. तळाशी भिकुबाईचा मोबाइल नंबर होता. तिने तो लावला, स्पीकर चालू केला आणि फोन दोघींच्या मध्ये गवतावर ठेवला. रिंग चार वेळा वाजली. पलीकडे आधी शेळी ओरडली, मग बाई.

"भिकुबाई, मी कोकिळा बोली ऱ्हायनू. अमृत आबानी."

शेळीचा आवाजही बंद झाला. कोकिळाबाईंना वाटलं फोन कटला. मग आवाज आला, म्हातारा, ताठ. "सरपंचीणबाई का? बोला."

सभा व्हयनी नव्हती, असं कोकिळाबाई म्हणाल्या. ती यादी मी घरमा लिखी व्हती. भिकुबाई म्हणाली, माले माहीत शे. एवढ्यासाठी फोन केला का, असं तिने विचारलं नाही, पण ते मध्ये राहिलं. कोकिळाबाईंनी घाईघाईने सांगितलं की पोरगी कागद पुढे पाठवणार आहे, खऱ्या बायकांची नावं लिहिते आहे, एक अडली आहे. उखर्डूनी मायनं नाव काय व्हतं?

"सत्तावीस वरीस व्हयनात," भिकुबाई म्हणाली. "ती मरीसनी बारा वरीस व्हयनात. आते इचारी ऱ्हायनी?"

कोकिळाबाईंनी हो म्हटलं.

"सोनकोर," भिकुबाई म्हणाली. "सोनकोर नाव व्हतं तिनं. लिख." दिपमालाने लिहिलं. फोनमधून वारा वाहत असल्यासारखा आवाज येत होता. भिकुबाई बाहेर कुठेतरी, कुंपणापाशी उभी असावी. मग तिने विचारलं, आतापर्यंत किती झाल्या. दिपमालाने वहीत पाहून तेरा सांगितलं. पलीकडे भिकुबाई बोटांवर मोजत असावी, एकेक नाव पुटपुटल्याचं ऐकू येत होतं. "आखो चार शेतीस," ती शेवटी म्हणाली. "फोन ठेवू नको. मी सांगस, तू लिख." दिपमालाने वही कोकिळाबाईंच्या मांडीवर सरकवली, पेन दिलं. कोकिळाबाईंनी चष्मा खाली ओढला, आणि भिकुबाई सांगत गेली तसं त्या लिहू लागल्या. अक्षर वेडंवाकडं येत होतं.